निलमचा एजंट आणि बापूंचा आवाज

वारंगा फाट्यावर कुणाचं बिलाचं मशीन अडलं, कुणाच्या गल्ल्यावरचं पैसे आल्याचं सांगणारं खोकं मुकं झालं, की पहिला फोन निलम राठोडला जातो. निलम राहते फाट्यापासून आत, तांड्यावर. नवरा योगेश फाट्यावर खिचडीचं हॉटेल चालवतो आणि ही घरच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून नांदेडच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. माहेर सिद्धेश्वर धरणाच्या बाजूचं, शिक्षण हिंगोलीत बीसीए. सून होऊन आली तेव्हा बायकांनी विचारलं होतं, पोरगी करते तरी काय? कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. आजही येत नाही. पण बघावं तेव्हा तिच्या ओसरीवर कुणीतरी मोबाइल घेऊन बसलेलं असतं, आणि काम फुकटात करून घेऊन वर चहाची वाट बघतं.

बाई हुशार, मनानं मोकळी. पण धीर म्हणून नाही. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत हिचं झाकण उघडून झालेलं. मेसेजची पहिली ओळ वाचली की लगेच उत्तर, खाली काय लिहिलंय ते देव जाणे. योगेश म्हणतो, ही लग्नालाही अर्धा बायोडाटा वाचूनच हो म्हणाली. त्यावर ती म्हणते, पूर्ण वाचला असता तर तू अजून बिनलग्नाचा असतास.

तिचे सासरे धर्मसिंग म्हणजे बोलका माणूस. शेतात राबराब राबायचे आणि संध्याकाळी बाजेवर बसले की त्यांच्या आज्याच्या लदेणीच्या गोष्टी सुरू. बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून तांडाच्या तांडा कसा मुलूख तुडवायचा, पाणी कुठं लागेल हे बैलाच्या कानावरून कसं कळायचं, रात्री जनावरं बिथरली तर कोणतं गाणं म्हणायचं. घरात सगळे गोरमाटीच, म्हणजे बंजारा बोलीच, बोलतात. मी मात्र सगळं मराठीतच सांगणार आहे, नाहीतर दर वाक्याला थांबून अर्थ सांगत बसावं लागेल.

सासऱ्यांना निलम बापू म्हणायची. त्यांच्या गोष्टी ती मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागली. मग शेजारची म्हातारी माणसं हळूच येऊन बसायला लागली, आमचंही घे म्हणून. तिनं त्याचं एक छोटं ॲप केलं. नाव दाबलं की त्या माणसाचा आवाज सुरू. आपलाच आवाज ऐकून म्हातारे लाजायचे आणि पुन्हा लाव म्हणायचे.

गेल्या वर्षी हळदी शिजायच्या दिवसांत बापू गेले. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत माणूस नाहीसा. तेव्हापासून निलमला त्यांचं एकही रेकॉर्डिंग लावायचा धीर झाला नव्हता. ज्या मोबाइलवर ते घेतलं तो पुढं बिघडून गेला. आवाज राहिला फक्त लॅपटॉपमध्ये. पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचं ती रोज उद्यावर ढकलत होती.

आता बापूंचं वरीस, म्हणजे वर्षश्राद्ध, जवळ आलं. माहेरवाशिणी येणार, भावकी जमणार. सासू चंदाबाई एकदा निलमजवळ येऊन बसली. निलम तिला याडी म्हणते, याडी म्हणजे आई.

"वरसाच्या दिवशी त्यांचा आवाज लावशील का?" चंदाबाई म्हणाली. "मोठ्यानं. सगळ्यायला ऐकू जाईल असा. दुसरं काही न्हाई मागत मी."

"लावते याडी," निलम म्हणाली. एवढं म्हणून ती आत गेली आणि डोळे पुसून आली.

लावायचं तर खरं, पण ॲपची पार दुर्दशा झाली होती. नाव दाबल्यावर आवाज सुरू व्हायला एक जांभई पुरी व्हायची. त्यात कचरा किती! निलमनं चाचणी म्हणून घेतलेलं "हॅलो, हॅलो, एक दोन", कोंबड्यांचा कलकलाट, एकच गोष्ट दोनदा साठवलेली. हे सगळं निस्तरायला तिला वेळ नव्हता. म्हणून तिनं ठरवलं, काम एजंटला द्यायचं.

हा एजंट म्हणजे एआय. साधा एआय विचारलं तेवढं सांगतो. हा त्याच्या पुढचा. काम सांगितलं की स्वतःच फाइली उघडतो, प्रोग्रॅम लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर दुरुस्त करतो. चंदाबाईनं एजंट हा शब्द ऐकला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं हळदीच्या बाजारातला एजंट आला. "कमिशन किती घेतो?" तिनं विचारलं. निलम म्हणाली, "महिन्याचं बांधून दिलंय." त्यावर म्हातारीचं समाधान झालं.

पण एजंटला थेट आपल्या लॅपटॉपवर सोडायचं नाही, ही तंबी निलमच्या मोठ्या भावाची. रणजीत पुण्यात एका कंपनीत कंप्युटरांची राखण करतो. त्याचा धंदाच संशय घेण्याचा. दिवाळीला आला तेव्हा बहिणीचा कारभार बघून त्यानं कपाळाला हात लावला होता.

"बाजारातून नवा बैल आणला तर बा पहिल्याच दिवशी बाकीच्या जनावरांत बांधायचा का?" त्यानं विचारलं होतं.

"न्हाई."

"काहून?"

"मारका निघाला तर?"

"मंग हा काहून मोकळा सोडला तू? तो वाईट न्हाई. पण चुकणार. आणि चुकला तर तुझ्या दहापट जोरानं चुकणार."

मग त्यानं तिला व्हर्च्युअल मशीन करून दिलं. लॅपटॉपच्या पोटात दुसरा लॅपटॉप म्हणा. खरा नाही, पण आत बसलेल्याला खराच वाटतो. एजंटनं तिथं काय तोडफोड करायची ती करावी, ती आतल्या आत राहते. काम सुरू करायच्या आधी तिथल्या सगळ्या मांडणीचा एक ठसा घेऊन ठेवायचा. बिघडलं की त्या ठशावरून पुन्हा पहिल्यासारखं. बँक, मेल, कंपनीचे पासवर्ड यातलं काही आत न्यायचं नाही. बाहेर जायला एकच वाट, ती एआयपर्यंतची. निलमनं त्या मशीनचं नाव ठेवलं खोली. जुन्या लॅपटॉपवर ती खोली उघडायला एवढा वेळ घ्यायची की तेवढ्यात कपडे वाळत घालून व्हायचे. निलम भावाला मनसोक्त शिव्या घालायची आणि तरी खोली उघडायची, कारण न उघडल्याचं त्याला कळलं तर तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

रेकॉर्डिंगं मात्र खोलीत मावली नाहीत. म्हणून बाहेरचं मूळ फोल्डर खोलीतून दिसेल असं जोडून ठेवलं होतं.

वरसाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं एजंटला काम सांगितलं. डबल झालेली आणि चाचणीची रेकॉर्डिंगं काढून टाक, ॲप हलकं कर, पायरीपायरीला मला विचारत बसू नको. विचारू नको हे ती बिनधास्त म्हणाली, कारण गडी खोलीत होता. मग ती गव्हातले खडे निवडायला बसली. बऱ्याच वेळानं उठून आली, पडद्याकडं बघितलं, आणि सवयीप्रमाणं पहिली ओळ वाचली.

"ज्यांना नाव नाही अशी सर्व रेकॉर्डिंग चाचणीची समजून यादीतून काढली, आणि त्यांच्या मूळ फाइली..."

तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, तो वायरवरच जगत होता. पडदा काळा झाला. निलम तशीच उभी राहिली.

कारण नाव नसलेली सगळी रेकॉर्डिंगं बापूंची होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. तांड्यावर सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नवऱ्याचंही नाही, पण तो नेम निलमनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मोडला. योगेश, ए योगेश, म्हणून ती भर फाट्यावर हाक मारते. जुन्या रीतींवर तोंडभर हसणारी बाई ही. पण ॲपमध्ये बापूंचं पहिलं रेकॉर्डिंग चढवताना नावाच्या चौकटीत बोट ठेवलं आणि बोट पुढं सरकेना. बापू समोर बाजेवर बसलेले. त्यांच्यादेखत त्यांचं नाव टाइप करायचं? तिला स्वतःचंच हसू आलं, तरी चौकट रिकामी सोडली. पुढंही सगळ्या रिकाम्याच. बाकी प्रत्येकाचं नाव होतं, म्हणून बिननावाचं ते बापूंचं, हे तिला बराबर कळायचं. तिला कळायचं. एजंट काही तांड्यावर नांदायला आलेला नव्हता.

आता सगळा प्रश्न एकच. जोडलेल्या त्या मूळ फोल्डरला एजंटला हात लावता येत होता की नाही? रणजीत व्हिडिओ कॉलवर म्हणाला होता, "नुसतं दिसू दे त्याला, हात लावू देऊ नको. 'फक्त वाचण्यासाठी' असा एक चौकोन हाय बघ, त्यावर टिक कर." नेमकं त्याच वेळी चुलीवरचं दूध उतू चाललं होतं. निलम "केली, केली" म्हणत पळाली होती. टिक खरोखर केली होती का? कितीही आठवलं तरी तिला फक्त उतू गेलेलं दूध आठवत होतं. टिक नसेल तर खोलीच्या ठशाचा काही उपयोग नव्हता. तो ठसा आतल्या सामानाचा. बापू बाहेर होते.

वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, तार तुटली, संध्याकाळ होईल. हॉटेलवर इन्व्हर्टर होता. निलमनं लॅपटॉप पिशवीत घातला, वायर गुंडाळली आणि स्कूटी काढली, तर चंदाबाई पदर खोचून दारात उभी.

"फाट्यावर चाललीस ना? मीबी येते. भाजी आणायची राहिली."

नाही म्हणायला निमित्त सुचेना. म्हातारी मागं बसली. लॅपटॉपची पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली.

"जड हाय गं," ती म्हणाली. "काय असतं इतकं यात?"

निलमला वाटलं, आत्ता स्कूटी थांबवावी आणि याडीच्या पायावर डोकं ठेवावं. वरसाला दुसरं काहीही मागितलं असतं तर तिनं आणून दिलं असतं. पंगत, कपडे, भजनीमंडळ. हे एकच असं होतं की गेलं तर बाजारात मिळणार नाही. रस्त्यावरचा एकही खड्डा त्या दिवशी तिनं चुकवला नाही, आणि म्हातारीनं एकदाही तक्रार केली नाही.

हॉटेलात गर्दी होती. नागपूरकडं जाणारी एक ट्रॅव्हल्स थांबलेली, योगेश प्लेटांवर प्लेटा खिचडी वाढून राहिला होता. मागच्या खोलीच्या दाराशी इन्व्हर्टरचा एकुलता एक बोर्ड, त्यात तीन ड्रायव्हरांचे मोबाइल लटकलेले. निलमनं तिन्ही उपटले.

"अहो मॅडम!" एक ड्रायव्हर ओरडला.

"पाच मिंट थांबा दादा. माझा जीव अडकलाय," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून त्यानं मोबाइल खिशात घातला.

चंदाबाईला तिनं मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांशेजारी बसवलं. लॅपटॉप सुरू व्हायला लागला, तोवर तिनं रणजीतला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"टिक केली होतीस का?" त्यानं विचारलं.

"आठवत न्हाई दादा."

एरवी तो तिला फाडून खातो. त्या दिवशी नाही खाल्लं. "बरं. खोली उघडू नको अजून," तो शांतपणे म्हणाला. "बाहेरचं फोल्डर बघ आधी. घाई करू नको."

घाई करू नको! तिनं घाईतच दोनदा भलतं फोल्डर उघडलं. शेवटी हवं ते उघडलं. पडदा पांढरा झाला आणि हळूहळू एकाखाली एक फाइली उमटायला लागल्या. नावाच्या. अजून नावाच्या. मग तारखांच्या, नाव नसलेल्या. एक, दोन, मग भराभर सगळ्या. शेवटपर्यंत.

"हायेत," निलम म्हणाली. "दादा, हायेत. सगळ्या हायेत."

आणि तिथंच, तांदळाच्या पोत्यावर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली. योगेश झारा हातात घेऊनच धावत आला. काय झालं, कोण गेलं? ती रडता रडता म्हणाली, "कुणी न्हाई गेलं. कुणीच न्हाई." त्याला काही कळेना. बाहेरून कुणीतरी खिचडीवर तर्री मागितली, म्हणून तो तसाच झारा घेऊन परत गेला.

डोळे पुसून तिनं खोली उघडली. एजंटनं लिहिलेलं आता जन्मात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. नाव नसलेली रेकॉर्डिंगं यादीतून काढली, आणि त्यांच्या मूळ फाइली काढता आल्या नाहीत. परवानगी नाकारली गेली. परवानगी बदलून पाहिली, जमलं नाही. मशीनचे सर्वाधिकार वापरून पाहिले, तरी जमलं नाही. ते फोल्डर बाहेरून फक्त वाचण्यासाठी जोडलेलं दिसतं. या फाइली खरोखर नको असतील तर त्या तुम्हीच बाहेरून काढा.

तिनं ते रणजीतला वाचून दाखवलं. म्हणजे गड्यानं नुसता हात लावून सोडलं नव्हतं. दार ढकललं होतं, मग खांदा लावून ढकललं होतं. वाईट मनानं नाही. सांगितलेलं काम मन लावून करत होता इतकंच. आणि निलमला असं वाटलं, की मन लावून काम करणाऱ्याचीच जास्त भीती बाळगली पाहिजे.

"टिक केली होतीस तू," रणजीत म्हणाला.

"दूध उतू गेलं त्या दिवशी माझं," निलम म्हणाली, आणि हसायला लागली. हसताना पुन्हा रडू आलं. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला काय करावं ते समजत नाही. "दादा, तुला लई शिव्या दिल्या मी."

"माहीत हाय. पेनड्राइव्हवर घे आता. आत्ता. फोन ठेव."

योगेशच्या गल्ल्यात एक पेनड्राइव्ह पडलेला असतो, देवाच्या गाण्यांचा. गाणी पुसून तिनं बापूंना त्यावर घेतलं. देव रागावला नसावा.

चंदाबाई एवढा वेळ सगळं बघत होती. आता तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "त्यांचं काही झालं होतं का?"

निलमनं सगळं सांगितलं. एजंट, खोली, रिकामी चौकट, काहीच लपवलं नाही. म्हातारी रागावली नाही. फक्त म्हणाली, "मंग नाव काहून न्हाई लिवलं?"

"तुमी घेता का त्यांचं नाव?"

चंदाबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की काय ते कळलं नाही. "मी न्हाई घेत," ती म्हणाली. "पण मला कंप्युटर येत न्हाई ना. तुला येते." जरा वेळानं म्हणाली, "एक लाव. बराबर वाजते का न्हाई बघू."

वर्षभर निलमला जे जमलं नव्हतं ते करायची वेळ आली. तिनं ठशावरून ॲपची यादी पहिल्यासारखी केली आणि सगळ्यात जुनी फाइल दाबली. आधी कोंबड्यांचा आवाज. मग तिचा स्वतःचा, किती कोवळा वाटत होता तो, "बापू, बोला आता." मग खाकरणं. ते खाकरणं ऐकल्याबरोबर चंदाबाई सावरून बसली.

"आधी नाव लिव माझं," बापू म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. बाज करकरली. "लिवत न्हाईस ना? मला ठाऊक होतं. तुझ्या सासूचा जनम गेला मला 'ऐकलं का' म्हणण्यात. मी ऐकत गेलो. आता तू तसंच करून राहिली." आणि म्हातारा हसला. मोकळं, घसा खरखरेपर्यंत. "बरं, ऐक. मीच सांगतो, म्हंजे तुला दोष न्हाई लागत. धर्मसिंग. लिव, लेकरा. उद्या मी नसल्यावर कुणाला कसं कळंल, कोण बोलून राहिलं ते?"

त्यापुढं लदेणीची गोष्ट सुरू झाली. निलमनं तेव्हा हे सगळं ऐकलं होतं आणि लाजून हसण्यावारी नेलं होतं. आज तिनं रिकाम्या चौकटीत बोट ठेवलं. डोळ्यांत पाणी असल्यानं अक्षरं दिसत नव्हती, तरी एकेक करून टाइप केली. चंदाबाईला वाचता येत नाही. तिनं पडद्यावरच्या त्या अक्षरांजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"लिवलं?"

"लिवलं, याडी."

"सगळ्यायवर लिव," चंदाबाई म्हणाली. "आन् ते हसले ना, तेवढं पुन्हा लाव."